बीव्हर आणि सुपाची वाटी

'लीव्ह इट टू बीव्हर' या जुन्या अमेरिकन विनोदी टीव्ही मालिकेत शेवटी वडिलांचं प्रवचन तेवढं उरतं, असं कुणीतरी म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. १९६१चा सुपाचा भाग आठवा. जाहिरातीच्या फलकावरच्या भल्यामोठ्या वाटीतून वाफ निघतेय. आत खरंच सूप आहे का, यावरून मालिकेतल्या छोट्या बीव्हरचा त्याचा मित्र व्हायटीशी वाद होतो आणि बीव्हर सरळ वर चढतो. आत अडकतो, खाली ही गर्दी जमते, शेवटी अग्निशमन दलाला त्याला उतरवावं लागतं! लहान मुलाचं कुतूहल इतकं नेमकं पकडलेलं मी क्वचितच पाहिलंय. मालिकेचे निर्माते-लेखक कॉनेली आणि मोशर स्वतःच्या मुलांचे किस्से वापरायचे, म्हणूनच ते इतकं खरं वाटतं. आणि बीव्हरचे वडील वॉर्ड रागावतो, पण ऐकूनही घेतो.