जत्रेतला जादूचा खेळ पाह्यला, पुरा पोपट झाला. पैसे वापस भेटतात का?

पांढरंसोनं_यवतमाळ:
मंडळी, कापूस विकून चार पैसे हातात होते म्हून घरच्यायले घेऊन तालुक्याच्या जत्रेत जादू पाह्याले गेल्तो. खुर्चीचं तिकीट १०० रुपये, खाली दरीवर ५०. आधी तासभर मान्यवरायचा सत्कार, शाल-श्रीफळ, भाषणं, पोट्टे झोपाले आले. मंग पोरगी हवेत उडवतो म्हणे, आन आम्ही डाव्या कनातीजवळ बसलो होतो तं तिच्या पाठीमागचा लोखंडी दांडा सरळ दिसून राह्यला! पोट्टा वरडला, बाबा दांडा दांडा. सारे हासले. मंग त्यानं खेळ थांबवून ताईत विकाले काढले, पोरगा होते, दुखणं जाते, सारं. मले फसवल्याचा राग नाही, जादू म्हणजे फसवणंच आहे, पन नीट तं फसव ना बाप्पा. पैशाचं काही होते का?

मांडववाला_भाऊ:
पैशाचं इसरा. दांड्याचं सांगतो, माह्या मांडवात असे खेळ लय झाले. तो खेळ समोरूनच पाहाचा असते, आधार मागून येते आन जादूगार त्याच्यासमोर उभा राह्यते. नाटकाच्या हॉलमंदी बाजूले पब्लिक नसते, जत्रेत तीन्ही बाजूनं खुर्च्या लावतात, जास्त तिकिटं खपली पाह्यजेत ना. बाजूच्या कनाती समोर ओढून घ्याले पाह्यजे होत्या. लोट्याचा खेळ होता का त्याच्यात?

पांढरंसोनं_यवतमाळ:
हाव, तोच एक बरा होता. घडीघडी रिकामा करे, घडीघडी भरे.

मांडववाला_भाऊ:
तो कुठूनही पाह्यला तरी चालते म्हूनच जमला. लोटा दुहेरी असते, दोन भिंतीच्या मधात पाणी, वरच्या बारीक भोकावर बोट ठेवलं की हवा जात नाही आन पाणी आतच अडकून राह्यते, बोट काढलं की खालून आतल्या भांड्यात उतरते. पोट्ट्याले नका सांगू 😄

वर्धेची_मास्तरीन:
दादा, दांडा सोडा, ताईताचं पाहा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात चमत्काराच्या नावावर लोकांना फसवून पैसे कमावणं गुन्हा आहे, नुसता खेळ दाखवणं नाही. ठाण्यात ठाणेदाराकडे तक्रार द्या. आमच्या शाळेत अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) लोक आले होते, पाण्यानं दिवा पेटवला, मग दिव्यातला कार्बाइडचा खडा काढून दाखवला, मुलं त्याच्यावरच जास्त खूश, फुकटात.

पांढरंसोनं_यवतमाळ:
ताई, ताईत आमच्या घरात बी आला, बायकोनं घेतला ४० रुपयाचा. तो घेऊन गेलो तं चालते का ठाण्यात?

वर्धेची_मास्तरीन:
चालते ना, ताईत आणि तिकीट दोन्ही न्या, काय काय बोलला ते लिहून न्या. पण लवकर, जत्रा उठली की तंबू कुठच्या गावी जाईल सांगता येत नाही.

मांडववाला_भाऊ:
परवा उठते, गाडी माहीच लागली आहे 🙏