मदत हवी आहे : जमवलेल्या कपड्यांचं करायचं काय?

नमस्कार मंडळी. पुण्यात फुटपाथवर झोपणाऱ्यांसाठी आमच्या सोसायटीने दिवाळीच्या साफसफाईनंतर कपडे गोळा केले. बावीस पोती झाली! निम्म्यात जरीच्या साड्या, चेन तुटलेल्या पँटी आणि (हसू नका) एक शेरवानी.

शनिवारी रात्री स्टेशनजवळ आठ-दहा जणांना विचारलं. एक आजोबा म्हणाले, "शर्ट नको बाळा, ठेवू कुठं? चादर असंल तर दे. आन् बनियन-चड्डी कुणीच देत नाय." हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. तर महापालिकेच्या रात्रनिवाऱ्यात थेट कपडे घेतात का, की आधी परवानगी लागते? कुणी दिले असतील तर कुणाला भेटायचं तेवढं सांगा.

दुसरं, सुती साड्यांच्या गोधड्या शिवून देणाऱ्या मावशी कुणाच्या ओळखीत आहेत का? शिलाई आम्ही देऊ. उरलेलं सुती कापड 'गूंज' या संस्थेकडे पाठवू, ते त्याचे सॅनिटरी पॅड बनवतात.

थंडी सुरू झालीय, त्यामुळे जरा लवकर कळवा. शेरवानीसाठीही सूचना चालतील.