मदत हवी आहे: सिंहगडावर चढताना तापमान वाढलं! भूगोल प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये काय लिहू?

नमस्कार मंडळी. बीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय भूगोल, मुक्काम पुणे. दहा दिवसांनी प्रात्यक्षिक परीक्षा आहे. क्षेत्रभेटीचा अहवाल, त्यावरची सांख्यिकी आणि तोंडी. बाहेरचे परीक्षक येणार.

आमच्या पाच जणांच्या गटाने गृहीतक घेतलं होतं: "उंची वाढते तसे तापमान कमी होते." दर हजार मीटरला साधारण ६.५ अंश, हे शाळेपासून पाठ. म्हणून गेल्या रविवारी पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड चढलो. आठ ठिकाणं ठरवली, प्रत्येक ठिकाणी डिजिटल तापमापकाने तीन वेळा मोजून सरासरी काढली. पायथा ६:५० वाजता, माथा १०:०५ ला.

उंची (मीटर) आणि तापमान असं आलं:
७०० – १४.२, ७९० – १५.१, ८८० – १६.४, ९६० – १६.०, १०५० – १८.३, ११३० – १९.६, १२२० – २०.८, १२९० – २०.५

म्हणजे सगळं उलटं! स्पिअरमनचा क्रमांक सहसंबंध काढला (दोन रकाने एकत्र वाढतात की उलटे जातात हे सांगणारा, −१ ते +१ मधला आकडा). क्रमांकांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ४. मग ६ × ४ = २४, भागिले (५१२ − ८) म्हणजे ५०४, ते १ मधून वजा. उत्तर +०.९५. आठ जोड्यांसाठी ५ टक्के पातळीला तक्त्यात किमान ०.७३८ लागतं, म्हणजे आमचं उत्तर चांगलंच "सार्थ" ठरतंय. चुकीच्या दिशेने.

गटातला एक जण म्हणतो, तापमानाचा रकाना खालून वर लिहून टाक, कोण बघायला येतंय. दुसरी म्हणते, गृहीतकच बदलू. मला दोन्ही पटत नाहीये, पण तिसरं सुचतही नाहीये. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

उतरताना (कांदाभजी आणि दही झाल्यावर) दोनच ठिकाणी मोजलं: माथ्यावर १२:४५ ला २४.१, पायथ्याला २ वाजता २८.२. हे अहवालात घ्यायचं ठरलं नव्हतं.

– चढणीची_मुलगी

प्रतिसाद: खडूफळा

रकाना उलटा करू नकोस. नैतिकता बाजूला ठेव, परीक्षकाला दोन मिनिटांत कळतं. तुझ्या वहीत वेळ लिहिलेली आहे ना? जानेवारीतल्या सकाळी सातला पायथ्याशी वीस अंश आणि दहाला उन्हात माथ्यावर चौदा, असं वाचल्यावर पुण्यात राहणारा कुणीही भुवई उंचावेल. मी बरीच वर्षं प्रात्यक्षिकं घेतली आहेत. कात्रजचा घाट दाखवायला आलेल्या मुलांचे आकडे नेहमी फार सरळ रेषेत असतात.

आता मूळ मुद्दा. तुम्ही उंची मोजली नाहीत, सकाळ मोजलीत. चढताना प्रत्येक ठिकाणी उंचीबरोबर घड्याळही पुढे सरकत होतं. सकाळी सात ते दहा या वेळात हिवाळ्यात हवा सहज आठ-दहा अंशांनी तापते, आणि ६०० मीटरच्या चढाने कमी होणार जेमतेम चार. सूर्य जिंकला. तुझं +०.९५ हे गणित म्हणून बरोबर आहे, फक्त ते उंचीबद्दल काही सांगत नाही. "सार्थ" याचा अर्थ हा संबंध निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता कमी, एवढाच. तो कशामुळे आला हे तक्ता सांगत नाही. तोंडीला हे एक वाक्य नीट बोलता आलं तर अर्धं काम झालं.

आणि उतरतानाचे आकडे का टाकून दिलेस? ४.१ अंशांचा फरक, ५९० मीटरला. हजाराला जवळपास ७ होतात. त्यातला थोडा भाग सव्वा तासाचाही आहे, पण दुपारी तापमान सकाळइतकं पळत नाही. ते जरूर घे, "फक्त दोन नोंदी" असं कबूल करून.

प्रतिसाद: समोच्च_रेषा

वरच्यांशी सहमत, पण सगळं घड्याळावर ढकलू नका. निरभ्र, वारा नसलेल्या हिवाळी रात्री जमीन उष्णता झपाट्याने सोडते, थंड जड हवा उतारावरून घरंगळत खाली येते आणि पायथ्याच्या खोलगट भागात साचते. म्हणजे पहाटे पायथा खरोखरच मधल्या उतारापेक्षा गार असू शकतो. तापमानाची विपरीतता, अकरावीपासून वाचतो आपण. तुमच्या पहिल्या दोन-तीन ठिकाणांत तीही मिसळली असेल. सध्याच्या आकड्यांवरून दोन्ही वेगळं काढता येणार नाही.

वेगळं काढायचं असेल तर पुढच्या रविवारी पुन्हा जा. यावेळी एकाला पायथ्याशी बसवा. त्याने दर पंधरा मिनिटांनी तापमान लिहायचं. बाकीचे चढतील. मग प्रत्येक ठिकाणच्या आकड्यातून त्याच वेळचा पायथ्याचा आकडा वजा करायचा. सकाळ दोन्हीकडे सारखीच चढते, ती वजाबाकीत निघून जाते. निघण्याआधी दोन्ही तापमापक दहा मिनिटं शेजारी ठेवून त्यांच्यात फरक आहे का बघा, असेल तर तेवढा दुरुस्त करा. सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर धरा, हातात गच्च धरू नका. तुमचं ९६० चं १६.० हे झाडीतलं असणार, पैज लावतो.

उंची कशी काढलीत? मोबाइलची असेल तर ती भरवशाची नाही, जीपीएसमध्ये उंचीची चूक आडव्या जागेच्या चुकीपेक्षा मोठी असते. १:५०,००० च्या स्थलनिर्देशक नकाशावर समोच्च रेषांमधलं अंतर २० मीटर आहे, त्यावरून काढा आणि अहवालात "अधिक-उणे १० मीटर" लिहा.

प्रतिसाद: पेठेतला_जुना

आमच्या वेळी सगळा गट वरच्या टाक्याजवळ बसून आकडे "अंदाजे" लिहायचा आणि पिठलं-भाकरी खाऊन खाली यायचा. चालायचं. तुम्ही मुलं फार विचार करता.

प्रतिसाद: खडूफळा

@पेठेतला_जुना, म्हणूनच आम्हाला तोंडी घ्यावी लागते.

@चढणीची_मुलगी, एक राहिलं. गृहीतक मागाहून बदलायचं नाही. जे होतं ते लिहायचं, "आकडेवारीतून सिद्ध झाले नाही" असं लिहायचं आणि खाली का ते लिहायचं. "मर्यादा" या मथळ्याखाली मुलं "वेळ अपुरा पडला, ऊन होतं" असं काहीतरी खरडतात. तुझ्याकडे खरी मर्यादा आहे, ती वापर. आणि विकिरण (ठिपक्यांचे) आलेख दोन काढ: एक उंची-तापमान, दुसरा वेळ-तापमान. शेजारी ठेवलेस की परीक्षकाला बोलावंच लागणार नाही.

प्रतिसाद: चढणीची_मुलगी

सर, समोच्च काका, खूप आभार! (काकाच असाल असं गृहीत धरलंय, ताई असाल तर माफी.) ९६० खरंच झाडीत होतं. उंची मोबाइलचीच होती, शरमेने कबूल करते. अजून एक: पर्यटकांची प्रश्नावली पण केली होती, ४० जणांची, सगळे भज्यांच्या टपरीवरचे. ९० टक्के लोकांनी येण्याचं कारण "खाणं" सांगितलं. :( हा सोयीचा नमुना (जे सहज सापडले त्यांनाच विचारलं) झाला ना?

प्रतिसाद: समोच्च_रेषा

हो, आणि निष्कर्ष भज्यांबद्दल निघाला. पुन्हा जाताय तर गडाच्या पुणे दरवाज्यात उभे राहा, दर दहाव्या माणसाला विचारा. नाही म्हणाला तर तेही मोजा.
(काकाच.)

प्रतिसाद: चढणीची_मुलगी

काल पुन्हा जाऊन आलो. पायथ्याशी बसायला तोच तयार झाला ज्याला रकाना उलटा करायचा होता, कारण चढायचं नव्हतं. तापमापकांत ०.३ चा फरक निघाला, दुरुस्त केला.

पायथ्याच्या तुलनेत: ७९० मीटरला ७:१० वाजता +०.९, ८८० ला +०.४, ९६० ला −०.३, मग १०५० पासून −१.१ असं उतरत जाऊन माथ्यावर −३.४. म्हणजे काका, सकाळी सातला वरती खरंच पायथ्यापेक्षा उबदार होतं! हे बघून आम्ही चढणीवरच ओरडलो, आजूबाजूचे लोक बघायला लागले.

अहवालात दोन्ही रविवार घेतेय. सरांनी सांगितलेले दोन आलेख पहिल्या रविवारचे, वजाबाकीचा तिसरा. सांख्यिकी दुसऱ्या रविवारवर.

पायथ्याच्या वहीत ८:४५ ची नोंद नाही. तेव्हा एक मोठी सहल उतरली आणि त्यांना वाट दाखवायला हा उठला. ८:३० आणि ९ ची सरासरी टाकू का, असं त्याने स्वतःच विचारलं, मग स्वतःच म्हणाला, नको, रेघ मार. रेघ मारली आहे.