निवासी युवा नेतृत्व शिबिरं (व्यसनप्रतिबंध): काय चालतं, काय फसतं?

पानगळ
माळा आवरताना एका जुन्या शिबिराचं वेळापत्रक सापडलं. पहिल्याच दिवशी सलग चार व्याख्यानं, त्यात 'व्यसनांचे दुष्परिणाम: स्लाइड शो, ९० मिनिटं'. तेव्हा सगळ्यांना हेच बरोबर वाटायचं. काळं पडलेलं फुप्फुस बघून पंधरा वर्षांचं पोर घाबरतं खरं, पण जेवणाच्या घंटेपर्यंतच.
शिबिरं घेणाऱ्यांनी लिहा. २ रात्री, ३ दिवस, वय १४ ते १८ धरून चाला. सुरुवात मी करते: बोलणं २० मिनिटांच्या आत, लगेच गटकाम. गट ८ जणांचा, फार तर १०. बारा झाले की दोघं-तिघं गप्प बसतात आणि नेमकं त्यांचंच ऐकायचं असतं.

कडुलिंब
+१. 'मी व्यसनातून कसा सुटलो' हे भाषणही काढा त्यातून. यूएनओडीसीची (संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ आणि गुन्हेविषयक कार्यालय) प्रतिबंधाची मानकं २०१३ ला आली, डब्ल्यूएचओबरोबर सुधारलेली आवृत्ती २०१८ ला. शाळेतल्या कार्यक्रमांत नुसती माहिती, भीती घालणं आणि माजी व्यसनींची साक्ष या गोष्टी त्यांनी न चालणाऱ्यांत टाकल्यात. पोरं ऐकतात काय, तर 'एवढं करूनही हा ठणठणीत, वर टाळ्या'.

रिकामटेकडा
आणि ते दारूची झिंग दाखवणारे, नजर धूसर करणारे चष्मे? सगळे आपटतात, खिदळतात, व्हिडिओ काढतात. नशेची फुकट जाहिरात.

तिसरी_घंटा
नकार-नाट्याबद्दल, म्हणजे 'नाही' म्हणायचा सराव नाटकातून. तिघांचा गट: आग्रह करणारा, नाही म्हणणारा, निरीक्षक. ३ मिनिटं प्रवेश, २ मिनिटं निरीक्षक बोलणार, मग अदलाबदल. फसतं ते असं की सगळा हशा आग्रह करणाऱ्याच्या वाट्याला जातो आणि नाही म्हणणारा बावळट ठरतो. म्हणून आग्रहाची वाक्यं तीनच, चिठ्ठीवर लिहून द्यायची, पदरची जोड नको. वात्रट पोराला ती भूमिका मुळीच देऊ नका, ती मोठ्या माणसाने करावी. नकारही छोटा हवा. 'नको, उद्या मॅच आहे' एवढंच. कारणांची यादी सुरू झाली की समोरचा एकेक खोडत बसतो.

कडुलिंब
@तिसरी_घंटा, हशाचा मुद्दा लाखाचा. डिशन, मॅकॉर्ड आणि पुलँ या संशोधकांचा १९९९ चा लेख याच्यावरच आहे. वांड पोरं एकत्र बसवली की नियम मोडल्याच्या गप्पांना एकमेकांकडून दाद मिळते आणि वागणं उलट बिघडू शकतं. 'बिघडलेल्यांचं शिबिर' असं कधी भरवू नका, मिसळून घ्या.

दीडशहाणी
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. चिठ्ठ्यांचा खेळ करा. दोन प्रश्न: गेल्या ३० दिवसांत तू दारू घेतलीस का? आणि इथल्या शंभरातल्या किती जणांनी घेतली असेल? दुसरा आकडा बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा बराच मोठा येतो. पर्किन्स आणि बर्कोविट्झ या संशोधकांनी १९८६ मध्ये कॉलेजच्या मुलांबाबत हेच मांडलं होतं. 'सगळेच घेतात' हा समज तिथेच ढासळतो.
कागद एकसारखे, पेन एकाच रंगाचं, घडी एकच. मोजणी दोन मोठ्यांनी बंद खोलीत. मुलगे-मुली वेगळे आकडे सांगू नका, माणूस ओळखू येतं. पंचवीसच्या आत संख्या असेल तर हा खेळ नकोच. आणि खरा आकडाच मोठा निघाला तर फळ्यावर लिहू नका, डाव उलटतो.

रिकामटेकडा
कुकरची शिट्टी झाली का? 😄

दीडशहाणी
चार. भात गेला.

जागरणवाला
सगळे सत्रांबद्दल बोलताय. शिबिर बिघडतं रात्री १० ते १ मध्ये. दहा मुलांमागे एक मोठा, शिवाय दोघं पाळीने जागे. या वयाला ८ ते १० तास झोप लागते, तेव्हा साडेदहाला दिवे बंद आणि सकाळी सहाची कवायत नको. औषधं एका माणसाकडे, कुलूपबंद डब्यात, देताना वहीत नोंद. दम्याचा पंप आणि (तीव्र ॲलर्जीसाठीचं) ॲड्रेनलिनचं इंजेक्शन मात्र मुलाच्याच खिशात.
बॅगा तपासणार असाल तर संमतीपत्रात आधीच लिहा. व्हेप (ई-सिगारेट) पेनड्राइव्हसारखी दिसते, चार्जिंगच्या जागी नजर ठेवा. सापडली तर चारचौघांत तमाशा नको. आणि दुसऱ्या दिवशी एखादं पोर उगाच चिडचिडं, डोकं धरून बसलेलं दिसलं तर उद्धट म्हणण्याआधी थांबा. निकोटिन सुटल्यावरचे पहिले २-३ दिवसच सगळ्यात वाईट असतात.

आत्या_ऑनलाइन
शेकोटीभोवती 'मन मोकळं करा' हा प्रकार कुणी सुरू केला देव जाणे! रात्री अकराला एक रडायला लागतं, पाठोपाठ पाच जण, आणि समुपदेशक केव्हाच घरी गेलेला. असलं सत्र ठेवायचंच तर दिवसाउजेडी, शेवटच्या रात्री तर नाहीच. 'तुझं गुपित माझ्याकडे' असं वचनही देऊ नका. पहिल्या बैठकीतच सांगा: स्वतःला इजा, दुसऱ्याला इजा, किंवा कुणी तुला त्रास देतंय, या तीन गोष्टी मी वर कळवणार. बाकी माझ्यापाशी.

पानगळ
हे फार महत्त्वाचं, आत्या. शपथेचं काय करता? हात पुढे करून सगळ्यांनी मिळून?

आत्या_ऑनलाइन
गाळा. ज्यानं आधीच चाखलीय तो खोटं तरी बोलतो नाहीतर मनातून उठून जातो.

तिसरी_घंटा
शपथेऐवजी काम द्या. ४ ते ६ जणांची तुकडी, एक मोठा माणूस, ३० दिवसांत होईल असं एकच काम. कागदावर: कोण, कधी, परवानगी कुणाची. 'जनजागृती करणार' लिहिलं की कागद परत. 'दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर मैदान दीड तास उघडं, किल्ली अमुककडे' हे चालतं. दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यातल्या भेटींच्या तारखा बस सुटायच्या आत ठरवायच्या. नंतर ठरवू म्हटलं की सगळं वाऱ्यावर.

रिकामटेकडा
सामानाच्या यादीत परमनंट मार्कर, व्हाइटनर, रबर सोल्यूशन, स्प्रेचे रंग नकोत. हुंगायच्या नशेवर सत्र घ्यायचं आणि टेबलावर हीच मांडणी! पाण्याचे मार्कर आणा.

पानगळ
😂 अगदी! पण पाण्याचे मार्कर सतरंजीला लागतात. जातो का डाग?

दीडशहाणी
जातो. कोमट पाणी, थोडा साबण. घासायचं नाही, टिपायचं.