मूल गेल्यावर क्रायोनिक्स: पहिल्या तासांत काय?

प्रश्न: मूल गेलंय, क्रायोनिक्ससाठी (पुढे कधी जिवंत करता येईल या आशेने देह अतिथंडीत जतन करणं) नोंदणी केलेली नाही, आईवडिलांना देह जतन करायचाय. लगेच काय करायचं?

उत्तर १: मृत्यू कायद्याने घोषित झाल्याशिवाय काहीच नाही. मग बर्फ-पाणी, आधी डोक्याभोवती. नुसत्या बर्फाच्या खड्यांत फटी राहतात, पाणी अंगाला लगटून बसतं. फ्रीझर नको, ऊतींत बर्फाचे स्फटिक होतात.

उत्तर २: हेपारिनला (रक्त साकळू न देणारं औषध) उशीर झाला की रक्ताच्या गुठळ्या, मग ऊतींत बर्फ होऊ न देणारा द्रव मेंदूपर्यंत पोचतच नाही. शवविच्छेदन ठरलं तर आणखी कठीण. मुलांच्या रक्तवाहिन्या बारीक, हा द्रव सोडायची नळी सराईत हातानेच घालावी.

उत्तर ३: शेवटी देह द्रव नायट्रोजनच्या टाकीत, उणे १९६ अंश सेल्सिअसला. उणे १३० खाली घाई केली की तडे जातात (सावकाश नेलं तरी जातातच थोडे). टाकीला वीज लागत नाही, पण नायट्रोजन उडतो, भरत राहावा लागतो. पहिला देह असा जतन झाला १९६७ मध्ये, तेव्हापासून एकही जिवंत झालेला नाही, हे आईवडिलांना सहीआधीच सांगा.