मदत हवी आहे: मानशीपाशी मोठा मासा लागतो आणि लाईन तुटते

मंडळी, मी गोव्यात चोडणला मांडवीच्या खाडीत गळ टाकून गरवतो (पक्षी अभयारण्याच्या बाजूला नाही, आधीच सांगतो, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच येणार). दिवाळीनंतर पाणी निवळलं, खारं पाणी वर चढलं आणि खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीच्या) एका मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, संध्याकाळी धडाधड आवाज यायला लागले, म्हणजे ओहोटीला दारं उघडली की आतली बारीक सुंगटं (कोळंबी) नि शेवटा माशाची पोरं बाहेर वाहतात आणि खाली कोणतरी ताट मांडून बसल्यासारखा बसलेला असतो. मला वाटतं चोणकच (जिताडा).

पण चार संध्याकाळी गेलो आणि तीनदा सेम झालं. जिवंत सुंगट लावून मानशीच्या तोंडाशी सोडलं, टप्प झालं, रील किंचाळली, पाच सेकंदात सगळं ढिलं. रॉड सात फुटी, ब्रेडेड लाईन २० पौंडांची, पुढे गरीला बांधलेला दीड हात २५ पौंडांचा फ्लोरोकार्बन लीडर. गरी गेली ती गेलीच, पण उरलेला लीडर वीतभर असा खरखरीत झालेला की बोट फिरवलं तर पॉलिश पेपर. गाठ सुटलेली नाही, नीट बघितलंय.

लीडर जाड करू का? पण पाणी एवढं स्वच्छ आहे की जाड दोरी बघून तोंडच लावणार नाही असं वाटतं. आणि भांगाच्या दिवसात (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) जावं की अमावास्येच्या उधाणाला? घरून एकच सल्ला मिळालाय, बाजारातून आण.

प्रतिसाद १:
दादा, चोणकाने कापलं असतं तर गरीजवळ एकच साफ काप दिसला असता, त्याच्या गालफडाची कड वस्तऱ्यासारखी असते. तोंडात घासली तरी लाईन खरखरीत होते, पण ती गरीच्या लगतची, वीतभर नाही. तुमची लाईन कालवांवर घासतेय. मानशीच्या चिऱ्यांना पाण्याखाली कालवं चिकटलेली असतात, मासा लागल्या लागल्या भिंतीकडे पळतो आणि तुम्ही बहुतेक वर, दारावरच उभे राहून ओढताय. खाली उतरून बांधावर २०-२५ पावलं प्रवाहाच्या दिशेने जा, तिथून गरवा म्हणजे मासा भिंतीपासून लांब ओढला जाईल. लीडर ४० चा करा, अंधार पडताना कोण बघतोय जाडी. दारं उघडल्यावरचा पहिला लोंढा जाऊ द्या. उधाणाला पाणी जास्त पळतं, मला तेच आवडतं, भांगाला तिथे झोप येते.

प्रतिसाद २:
मानशीवर मासे धरायचा हक्क लिलावात घेतलेल्याचं जाळं लागलेलं असेल तर आधी त्याला विचारा, भांडणं होतात. आणि सुंगटाला गरी डोक्यावरच्या काट्याखालून घाला, आतला काळा ठिपका चुकवून. त्याला लागली की सुंगट मेलंच.

मूळ लेखक:
काल गेलो, जाळेवाल्याला विचारून. ४० चा लीडर, बांधावरून. दुसऱ्याच सुंगटाला लागला, भिंतीकडे वळला पण पोचला नाही. चोणक नाही, निघाली तांबोशी, दीड किलोच्या आसपास! लीडर साफ, एक ओरखडा नाही. म्हणजे आधीचे तिन्हीही तांबोशीच होते काय? आवाज मात्र अजून येतोय, जरा पलीकडून, कांदळाच्या मुळांपाशी. तिथे जिवंत सुंगट टिकत नाही, काळुंदर मासे कुरतडतात. काय लावू?