क्रेडेन्शियलिंगवर डिसर्टेशन (प्रबंध): प्रश्नावली काढू की मुलाखती घेऊ?

एमएचए_दुसरं_वर्ष:
नमस्कार मंडळी. मी बीएचएमएस, सध्या पुण्यात एमएचए (हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचं मास्टर्स) करतेय. विषय घेतलाय डॉक्टरांचं क्रेडेन्शियलिंग आणि प्रिव्हिलेजिंग, म्हणजे हॉस्पिटल डॉक्टरची डिग्री, रजिस्ट्रेशन, अनुभव कसा तपासतं आणि मग कुठल्या प्रोसिजर करायची परवानगी देतं ते. हॉस्पिटल दोनशे बेडचं, एनएबीएचवालं (म्हणजे दर्जाची असेसमेंट होऊन मान्यता मिळालेलं), कन्सल्टंट साठेक. गाइड म्हणतात प्रश्नावली काढ, लायकर्ट स्केल (सहमत ते असहमत अशी पट्टी) लाव, एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाक, काय-स्क्वेअर चाचणी काढ, संपलं. मला वाटतं मुलाखती घ्याव्यात, कारण प्रश्नावलीत सगळे 'पूर्णपणे सहमत'वरच टिक करणार. पण मुलाखती म्हटलं की व्हायवाला (तोंडी परीक्षेत) पहिला प्रश्न 'सॅम्पल साइज किती?' मला खरं तर दाखवायचं होतं की क्रेडेन्शियलिंग चांगलं असेल तर पेशंटचे रिझल्ट सुधारतात. जमेल का?

फाइलवाला:
ताई, शेवटचं वाक्य आधी खोडा. एक हॉस्पिटल, साठ डॉक्टर, आणि असेसमेंट होऊन गेलेली असल्यामुळे साठच्या साठ फाइली पूर्ण. सगळ्यांचा स्कोअर सारखाच आला तर तो कशाशी ताडून बघणार?

मी क्वालिटीत बरीच वर्षं आहे, माझं मत असं की प्रश्नावलीही नको आणि लगेच मुलाखतीही नकोत, आधी फाइलींचा ऑडिट करा. पण 'डिग्री आहे/नाही' असं टिकमार्कवालं नको. एमएमसीचं (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं) रजिस्ट्रेशन जॉइन झाल्या तारखेला चालू होतं का ते बघा, कारण पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, त्याला ३० क्रेडिट (कॉन्फरन्स-वर्कशॉपचे गुण) लागतात आणि मोठमोठ्या लोकांचं ते राहून गेलेलं असतं. एमडी-एमएसची नोंद कौन्सिलकडे झालीय का बघा. पडताळणी खरंच विद्यापीठाकडून किंवा कौन्सिलकडून मागवली होती की झेरॉक्सवर 'मूळ प्रत पाहिली' असा शिक्का मारून काम भागवलं, तेही बघा.

आणि सगळ्यात भारी म्हणजे प्रिव्हिलेज फॉर्मवर सहीची तारीख घ्या आणि ओटी (ऑपरेशन थिएटर) रजिस्टरमधून त्याच डॉक्टरच्या पहिल्या केसची तारीख घ्या. आधी केस आणि मग सही असं किती जणांचं आहे, किती दिवसांचं अंतर आहे, हा आकडा कुणाच्या मतावर अवलंबून नाही. फॉर्मवर सगळेच रकाने टिक केलेले असतील तर त्यातल्या किती प्रोसिजर गेल्या वर्षभरात एकदाही केल्या नाहीत तेही मोजा, मजा येते. फक्त पंधरा-वीस फाइली दुसऱ्या कुणाला तरी वेगळ्या तपासायला द्या आणि कप्पा (दोघांची तपासणी किती जुळते त्याचा आकडा) काढा, म्हणजे गाइडच्या एसपीएसएसचीही सोय होईल.

आकडेमोड_काका:
फाइलवाल्यांशी सहमत. रिझल्टचा प्रश्न वाईट नाही, पण तो झेपायला वेगळी चौकट लागते. अमेरिकेतलं उदाहरण बघ. तिथल्या इंटर्नल मेडिसिनच्या बोर्डाने १९९० पासून सर्टिफिकेटला दहा वर्षांची मुदत लावली, त्याआधीच्यांचं आजन्म चालू राहिलं. म्हणजे १९८९ ला पास झालेला आणि १९९१ ला पास झालेला, वय-अनुभव जवळपास सारखा, पण एकाला परत परीक्षा आणि दुसऱ्याला माफी. आयता नैसर्गिक प्रयोग! २०१४ मध्ये 'जामा' या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये यावर दोन पेपर आले. एकात मेडिकेअरच्या (तिथला वयस्कांसाठीचा सरकारी विमा) पेशंटांचा डेटा होता, तर टाळता येण्यासारख्या अ‍ॅडमिशनमध्ये फरक नाही, खर्चाची वाढ मात्र थोडी कमी, अडीच टक्क्यांच्या आसपास. दुसरा माजी सैनिकांच्या चार केंद्रांतल्या १०५ डॉक्टरांवर, दहा निकष, फरक शून्य. एवढी सोय असून उत्तर हे असं, आणि तू साठ जणांवर रिग्रेशन चालवणार?

आपल्याकडे डिग्री आणि उपचाराचा संबंध बघायचा सगळ्यात प्रामाणिक मार्ग म्हणजे शिकवून तयार केलेला 'पेशंट' डॉक्टरकडे पाठवणं, डॉक्टरला नेमका कोण ते माहीत नसतं. मुंबई आणि पाटण्यात टीबीवर असं केलं होतं, २०१८ ला छापून आलं. योग्य हाताळणी जेमतेम ३५ टक्के भेटींत झाली. एमबीबीएस आणि त्यावरचे इतरांपेक्षा बरे होते, पण त्यांच्यातही बरेच जण चुकले. म्हणजे डिग्रीने फरक पडतो पण डिग्री म्हणजे हमी नाही. हे तुझ्या प्रस्तावनेत टाक, स्वतः करायला जाऊ नकोस, पैसा आणि एथिक्स दोन्ही झेपणार नाही.

बर्मिंगहॅमकर:
इकडे यूकेत डिसेंबर २०१२ पासून रिव्हॅलिडेशन (डॉक्टरचा परवाना चालू ठेवायची फेरतपासणी) आहे, दर पाच वर्षांनी, आणि दरवर्षी अप्रेझल (कामाचा आढावा). त्याचं मूल्यमापन अम्ब्रेला नावाच्या गटाने केलं, २०१८ ला अहवाल आला, सर्व्हे पण आणि मुलाखती पण. मी स्वतः दरवर्षी अप्रेझलला 'रिफ्लेक्शन' लिहितो, त्यामुळे एक सांगतो, फॉर्मवर लिहिलेलं आणि कॅन्टीनमध्ये बोललेलं यात फार अंतर असतं, ते अंतर आकड्यात सापडत नाही.

तुझ्या बाबतीत सगळ्यात मोठी गोम कुठेय सांगू का? नाकारलेले डॉक्टर. त्यांची फाइलच नसते! कमिटीने लेखी नकार दिला असं क्वचितच होत असणार, कुणीतरी फोनवर 'सर, सध्या जागा नाही' म्हणून मोकळं होतं. म्हणजे तुझा ऑडिट फक्त आत आलेल्यांचा. बाहेर राहिलेल्यांचं कळायचं तर मुलाखतच लागते. तीही कन्सल्टंटची नाही, कागद गोळा करणाऱ्या एचआरच्या माणसाची, मेडिकल सुपरिंटेंडेंटची आणि ओटी इन्चार्ज सिस्टरची. सिस्टरना सगळं ठाऊक असतं.

प्रश्नही 'प्रक्रिया पारदर्शक आहे का' असले विचारू नकोस. 'शेवटचा अर्ज आला तेव्हा काय काय झालं, पहिल्यापासून सांगा' एवढं म्हण आणि गप्प बस. सॅम्पल साइज विचारलं तर सांग की नवीन काही निघायचं थांबेपर्यंत घेतल्या, आणि ते थांबलं कसं ठरवलं त्याची नोंद दाखव.

एमएचए_दुसरं_वर्ष:
बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. म्हणजे आधी ऑडिट, मग ज्यांच्या फाइलीत तारखा उलट्या आहेत त्यांच्याभोवतीच्या लोकांच्या मुलाखती, असं? गाइडना हे पटेल कारण आकडे आहेत. पण मी बीएचएमएस, सुपरिंटेंडेंट सर माझ्याशी मोकळं बोलतील का? आणि रेकॉर्डर लावला की सगळे एनएबीएचच्या मॅन्युअलसारखे बोलायला लागतात.

फाइलवाला:
बरोबर, असंच. रेकॉर्डर बंद केल्यावर जे बोलतील ते लगेच वहीत उतरवा, पण वापरायची परवानगी विचारूनच.

आणि बीएचएमएस आहात तर एक विचारतो, आरएमओंच्या (वॉर्डात ड्युटीवर असणाऱ्या डॉक्टरांच्या) फाइली घेताय का? आपल्याकडे रात्रीचा वॉर्ड बहुतेक ठिकाणी बीएएमएस-बीएचएमएसच सांभाळतात. राज्याच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर सीसीएमपी (अ‍ॅलोपॅथी औषधांचा कोर्स) केलेल्या होमिओपॅथना मर्यादित अ‍ॅलोपॅथी लिहायची मुभा आली, त्यावरून आयएमएचा (अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेचा) वाद चालूच आहे. मग आरएमओचा प्रिव्हिलेज फॉर्म कसा असतो? बहुतेक ठिकाणी नसतोच, कन्सल्टंटच्या सहीखाली सगळं झाकलं जातं. एनएबीएचची भाषा 'देखरेखीशिवाय काम करणारे' अशी आहे, आणि रात्री दोन वाजता देखरेख म्हणजे फोन. तिथे तुम्हाला आतलं माहीत आहे, आरएमओ तुमच्याशी जे बोलतील ते काकांशी बोलणार नाहीत.

आकडेमोड_काका:
काकांशी कुणीच बोलत नाही, म्हणून तर आकडे धरले. पण मुद्दा पटला, साठ कन्सल्टंट अधिक आरएमओ घेतले तर दोन गट होतात, तुलना करता येते. नावं काढून कोड दे, कोडची यादी वेगळ्या कुलपात. विभाग लिहितानाही जपून, न्यूरोसर्जन एकच असेल तर कोड देऊनही तो ओळखू येतोच.

फाइलवाला:
आणि ओटी रजिस्टरची परवानगी एचआर देत नाही, सुपरिंटेंडेंटकडून वेगळी लेखी घ्या. आयईसीच्या (एथिक्स कमिटीच्या) अर्जात त्या रजिस्टरचा आणि आरएमओंचा उल्लेख आत्ताच टाका, नंतर अमेंडमेंट करत बसलात तर सबमिशनची तारीख उलटेल.